टार्गेटेड थेरपी आणि मेडिक्लेम: औषध सुरू होण्याआधी प्री-ऑथ (विमा कंपनीची पूर्वमंजुरी) कसं पार पाडायचं

डॉक्टरांनी ‘टार्गेटेड थेरपी’ (कर्करोगाच्या पेशींतल्या ठरावीक बदलावर नेम धरणारं औषध) म्हटलं की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात: औषध लागू पडेल का, आणि मेडिक्लेममध्ये बसेल का. पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर एजंट, हॉस्पिटलचा इन्शुरन्स डेस्क, टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेचं) कॉल सेंटर आणि नात्यातला एखादा जाणकार, असे चार जण चार तऱ्हेने देतात. आमच्या घरात आईची इंजेक्शनं (स्तनाचा कर्करोग, हर-टू पॉझिटिव्ह) आणि मेहुण्यांच्या गोळ्या (फुप्फुसाचा, ईजीएफआर पॉझिटिव्ह) अशा दोन्ही फायली माझ्याकडे होत्या. हर-टू आणि ईजीएफआर म्हणजे गाठीच्या चाचणीत सापडणाऱ्या खुणा, त्यांवरूनच औषध ठरतं. दोघांच्या पॉलिसी वेगळ्या, टीपीए वेगळे, आणि अनुभव तर फारच वेगळे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘हे औषध कव्हर आहे का?’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. कंपनी बघते ते असं: औषध शिरेतून दिलं की तोंडाने घेतलं, हॉस्पिटलात दिलं की घरी, आणि पॉलिसीतल्या कुठल्या कलमात ते बसतं. तेव्हा प्रश्नही त्याच भाषेत विचारायचे.

१. औषध कोणत्या जातीचं आहे ते आधी लिहून घ्या

ब्रँडचं नाव नको, मूळ औषधाचं नाव घ्या. नावाच्या शेवटावरून बरंच कळतं. शेवट ‘मॅब’ असेल (ट्रॅस्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, बेव्हासिझुमॅब) तर ते मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत बनवलेलं, ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन) असतं आणि सलाईनमधून किंवा कातडीखाली टोचून देतात. शेवट ‘निब’ असेल (इमॅटिनिब, गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब, अलेक्टिनिब) तर बहुधा गोळी किंवा कॅप्सूल, घरी रोज घ्यायची.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आणि ते पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत असं ठरवलं. त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत: ‘ओरल केमोथेरपी’ आणि ‘इम्युनोथेरपी – इंजेक्शनने दिलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी’. वगळता येत नाहीत, पण मर्यादा घालता येते, आणि खरी गोम तिथेच आहे. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत या बारा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. पाच लाखांची पॉलिसी असेल तर अडीच लाख. इतर पॉलिसींत कुठे टक्केवारी, कुठे ठरावीक रक्कम, तर कुठे काहीच मर्यादा नाही.

आता गंमत बघा. आईचं ट्रॅस्टुझुमॅब डॉक्टरांच्या दृष्टीने टार्गेटेड थेरपी. पण ते अँटिबॉडी असल्यामुळे कंपनी ते ‘इम्युनोथेरपी’च्या मर्यादेत टाकू पाहते. मेहुण्यांचं ओसिमर्टिनिब काटेकोर अर्थाने केमो नव्हे, पण ‘ओरल केमोथेरपी’त ते बसलं नाही, तर घरी घ्यायचं साधं औषध म्हणून ओपीडीत ढकललं जातं आणि ओपीडीचं कव्हर बहुतेकांकडे नसतंच. म्हणजे इंजेक्शनवाल्यांनी या यादीच्या मर्यादेबाहेर राहायला झगडायचं आणि गोळीवाल्यांनी यादीच्या आत शिरायला.

२. पॉलिसीची सगळी पानं नको, ही कलमं वाचा

पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, म्हणजे सीआयएस. तिथून सुरुवात करा आणि मग मूळ पॉलिसीत हे शोधा:

- आधुनिक उपचारांची मर्यादा. वर सांगितलीच.
- डे-केअरची व्याख्या. केमो आणि इन्फ्युजनला (सलाईनमधून औषध देण्याला) चोवीस तास दाखल राहावं लागत नाही, पण ते ‘डे-केअर’मध्ये बसायला हवं.
- दाखल होण्याआधीचे आणि नंतरचे दिवस. ३० आणि ६०, ६० आणि ९०, काही ठिकाणी ६० आणि १८०. गोळ्यांच्या रुग्णांसाठी हा आकडा सोन्यासारखा.
- वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ. आधीपासूनच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त ३६ महिने.
- को-पे (बिलातला तुम्ही भरायचा ठरावीक वाटा) आणि खोलीभाड्याची मर्यादा.
- रिस्टोरेशन (संपलेली विमा रक्कम पुन्हा भरून मिळणं) असेल तर ते त्याच आजारासाठी चालतं का. बऱ्याच जुन्या पॉलिसींत चालत नाही.

खोलीभाड्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. महागडी खोली घेतली तर बिलातल्या इतर खर्चांतही त्याच प्रमाणात कात्री लागते, हे पुष्कळांना माहीत असतं. औषधांना, इम्प्लांटना आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, हे फारच थोड्यांना माहीत असतं. टार्गेटेड थेरपीच्या बिलात ऐंशी-नव्वद टक्के रक्कम औषधाचीच असू शकते. सेटलमेंट लेटरमध्ये औषधाच्या रकमेपुढे ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ दिसलं तर तिथे लगेच बोट ठेवा.

३. फाइल बांधा

एक जाड क्लिअर बॅग, आणि प्रत्येक कागदाचा फोनमध्ये पीडीएफ. कागद असे:

- बायोप्सीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट
- ज्या चाचणीच्या आधारावर औषध दिलंय तिचा रिपोर्ट
- पेट-सीटी किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट, ज्यावरून स्टेज कळते
- ऑन्कॉलॉजिस्टचं पत्र, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह
- आधीच्या उपचारांची डिस्चार्ज समरी
- औषधाचा दर, एका सायकलचा (औषधाच्या एका फेरीचा) आणि पूर्ण कोर्सचा अंदाजी खर्च
- पॉलिसी, हेल्थ कार्ड, आधार, पॅन, कॅन्सल चेक
- मागच्या वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या

दुसऱ्या नंबरचा कागद या सगळ्याचा कणा आहे. ट्रॅस्टुझुमॅबसाठी आयएचसी (गाठीचा तुकडा रंगवून करायच्या) चाचणीत हर-टू ३+ लागतं. २+ आलं तर फिश ही जनुकांची चाचणी करून पॉझिटिव्ह दाखवावं लागतं. ओसिमर्टिनिबसाठी ईजीएफआर म्युटेशन (जनुकातला बदल), अलेक्टिनिबसाठी एएलके, इमॅटिनिबसाठी सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल, ओलापरिबसाठी बहुधा बीआरसीए. हा रिपोर्ट हातात आला नसताना फाइल पाठवू नका. ‘रिपोर्ट अवेटेड’ असं लिहिलेल्या फॉर्मवर क्वेरी (टीपीएने मागितलेला खुलासा) येणार हे ठरलेलंच, आणि तेवढे दिवस वाया जातात.

शिवाय ट्रॅस्टुझुमॅबने हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी आणि मधूनमधून टूडी-एको करतात. टीपीएचे डॉक्टर तो रिपोर्ट हमखास मागतात. आधीच जोडून टाका.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण निम्मं काम ते करतं. ‘रुग्णास सदर औषधाची आवश्यकता आहे’ एवढ्या दोन ओळींचं पत्र असून नसल्यासारखं. पत्रात हे यायला हवं: निदान आणि स्टेज, चाचणीचा निकाल तारखेसह, औषधाचं मूळ नाव, डोस आणि किती दिवसांनी, एकूण किती सायकल किंवा किती महिने, हे औषध या आजारासाठी भारतात मंजूर आहे आणि प्रचलित उपचार-मार्गदर्शिकांनुसार आहे हे स्पष्ट वाक्य, ते हॉस्पिटलात देखरेखीखाली का द्यावं लागतं (इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन, हृदयाची देखरेख), आणि साधी केमो पुरेशी का नाही. ‘मंजूर’ हा मुद्दा महत्त्वाचा, कारण पॉलिसींमध्ये सोळा क्रमांकाचा अपवाद ‘सिद्ध न झालेले उपचार’ असा असतो आणि महाग औषध दिसलं की काही टीपीए सर्वात आधी तोच पुढे करतात.

डॉक्टर गडबडीत असतात. मुद्दे कागदावर लिहून त्यांच्या सहायकाकडे दिले तर बहुतेक जण आनंदाने तसं पत्र टाइप करून देतात. मात्र मजकूर खराच असला पाहिजे. औषधाची जात बदलून लिहा असं डॉक्टरांना कधीही सांगू नका.

दरांचंही विचारून घ्या. बायोसिमिलर (अँटिबॉडीसारख्या औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली मिळतीजुळती आवृत्ती) किंवा जेनेरिक चालेल का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. इमॅटिनिबच्या पेटंटवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात कंपनी २०१३ मध्ये हरली, म्हणून आज ते औषध भारतात स्वस्त मिळतं. ट्रॅस्टुझुमॅबचीही देशी बायोसिमिलर आहेत. विमा रक्कम तीच असते, तिच्यात किती सायकल बसतील हे या एका निर्णयावर ठरतं.

४. इन्शुरन्स डेस्कवर

ठरवून घेतलेल्या उपचारासाठी दोन-तीन दिवस आधी फॉर्म जायला हवा. हॉस्पिटल कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसेल तरी कॅशलेस (बिल थेट कंपनीने भरणं) मागता येतं. ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ या व्यवस्थेत निदान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. मंजुरी मात्र कंपनीच्या हाती.

प्री-ऑथचा फॉर्म अर्धा तुम्ही भरता, अर्धा हॉस्पिटल. हॉस्पिटलचा भाग न वाचता सही करू नका. त्यात एक रकाना असतो: आजाराची लक्षणं कधीपासून. तो बहुधा निवासी डॉक्टर भरतात, गर्दीच्या वेळी, रुग्णाला उभ्या उभ्या विचारून. आईने ‘दुखतंय बरेच दिवस’ म्हटलं आणि फॉर्मवर ‘दोन वर्षं’ पडलं. दुखणं होतं संधिवाताचं, खांद्याचं. गाठ लागली होती जेमतेम दोन महिन्यांपूर्वी. तो आकडा तसाच गेला असता तर आजार पॉलिसीच्या आधीचा की नंतरचा, इथून उलटतपासणी सुरू झाली असती. डेस्कवरच्या मुलीने फॉर्म परत दिला, डॉक्टरांनी खाडाखोड करून सही केली आणि मगच तो स्कॅन झाला. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू हे रकानेही असेच वाचून बघा. खरं ते लिहायचं, पण अंदाजाने काही लिहू द्यायचं नाही.

पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर एक मोठा आधार आहे. त्यानंतर ‘आधीचा आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. त्यासाठीच जुन्या पावत्या फाइलमध्ये ठेवायच्या.

फॉर्म गेल्यावर डेस्ककडून क्लेम नंबर आणि पाठवल्याची वेळ घ्या. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. प्रत्यक्षात ‘क्वेरी’ काढून वेळ घेतला जातो. तरी पाठवल्याची वेळ लिहिलेली असली की फोनवर बोलताना तुमचा आवाज बदलतो.

५. क्वेरी आली तर

क्वेरी म्हणजे नकार नव्हे. तीच तीच वाक्यं असतात:

‘दाखल करण्याची गरज स्पष्ट करा.’ याला उत्तर डॉक्टरांच्या पत्रातला देखरेखीचा मुद्दा, आणि पॉलिसीतलं डे-केअरचं कलम क्रमांकासह.

‘आधीची सर्व कागदपत्रं सादर करा.’ कोणती, ते लिहून मागा. कागद हॉस्पिटलकडून मिळवणं हे कंपनीचं आणि टीपीएचं काम आहे असं तेच सर्क्युलर सांगतं. तरी तुमच्याकडे पीडीएफ असेल तर देऊन मोकळं व्हा. तत्त्वाला चिकटण्यात सायकल पुढे जाते.

‘दर वाजवी नाही.’ हॉस्पिटलच्या फार्मसीचं बिल, खोक्यावरची एमआरपी आणि बॅच नंबरचा फोटो जोडा.

उत्तर नेहमी ईमेलवर, हॉस्पिटल, टीपीए आणि कंपनी या तिघांना एकाच वेळी. फोनवर ‘हो सर, प्रोसेसमध्ये आहे’ ऐकून घरी जाऊ नका.

६. गोळ्यांची वाट वेगळी

मेहुण्यांच्या फाइलने जास्त डोकं खाल्लं. रोज एक गोळी, घरी, चहानंतर. यात हॉस्पिटल कुठे आलं? तरीही वाटा आहेत आणि या क्रमाने तपासायच्या.

पॉलिसीत ‘ओरल केमोथेरपी’ असेल तर कंपनीला गोळी सुरू करण्याआधीच ईमेल करा: हे औषध, हा रिपोर्ट, हे कलम, क्लेम कोणत्या स्वरूपात द्यायचा? लेखी उत्तर घ्या. काही पॉलिसींत हे कलम असतं, पण ‘दाखल किंवा डे-केअर असताना’ अशी शेपटी जोडलेली असते.

बायोप्सी, शस्त्रक्रिया, पाणी काढणं अशा कारणाने रुग्ण नुकताच दाखल होऊन गेला असेल आणि तो क्लेम मंजूर झाला असेल, तर त्याच आजारासाठी नंतरच्या ६० किंवा ९० दिवसांत घेतलेल्या गोळ्या ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’मध्ये मागता येतात. प्रिस्क्रिप्शन, जीएसटी बिल आणि पैसे भरल्याची पावती लागते. मुदत संपली की बहुतेक पॉलिसींत थोड्याच दिवसांत कागद द्यावे लागतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर टाका. डिस्चार्ज समरीत ‘पुढील उपचार’ या मथळ्याखाली गोळीचं नाव आलेलं असेल याची डिस्चार्जच्या दिवशीच खात्री करा. नंतर ते घालून घेणं जिकिरीचं होतं.

एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: ‘एक रात्र अ‍ॅडमिट करून घेऊ, गोळी बिलात टाकू.’ नको. गरज नसताना दाखल झाल्याचं उघड झालं तर तो क्लेम जातो आणि पुढच्या प्रत्येक क्लेमकडे संशयाने बघितलं जातं. कर्करोगाच्या रुग्णाला हीच पॉलिसी आयुष्यभर लागणार असते.

औषध कंपन्यांचे रुग्ण-सहाय्य कार्यक्रम असतात. काही महिन्यांचं औषध विकत घेतलं की पुढचं मोफत, अशा धर्तीचे. ऑन्कॉलॉजिस्टकडे किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करा. मोफत मिळालेल्या पट्ट्यांचा क्लेम करायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

७. प्रत्येक सायकलला हेच पुन्हा

एकदा मंजूर झालं म्हणजे वर्षभराचं झालं असं नाही. दर तीन आठवड्यांनी नवी प्री-ऑथ. मात्र पहिली फाइल नीट असेल तर पुढच्या वेळी मागच्या मंजुरीचं पत्र जोडलं की काम हलकं होतं. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, उरलेली विमा रक्कम. कोर्स दोन पॉलिसी वर्षांत विभागला जात असेल तर नव्या वर्षाची पूर्ण विमा रक्कम पुढच्या सायकलना मिळते. सुपर टॉप-अप (मूळ म्हणजे बेस पॉलिसीच्या वरचा खर्च उचलणारी पॉलिसी) असेल तर त्या कंपनीलाही पहिल्याच दिवशी कळवून ठेवा, बेस पॉलिसी संपायची वाट बघू नका. क्रिटिकल इलनेस पॉलिसी वेगळी असेल तर तिचे एकरकमी पैसे मेडिक्लेम चालू असतानाही मागता येतात.

८. नाकारलं तर

तोंडी नकार घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा. आता क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा ती मान्यता झाली होती का, हेही पत्रात विचारा.

मग क्रम असा. आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. सोबत आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार, किंवा १५५२५५ वर फोन. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी). महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत, गोवा मुंबईच्या कक्षेत येतो. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला देणं लागतं.

आईच्या एका सायकलला टीपीएने ‘इम्युनोथेरपी मर्यादा’ म्हणून रक्कम कापली होती. पॉलिसीच्या त्या वर्षीच्या प्रतीत अशी मर्यादाच नव्हती, ती पुढच्या वर्षीच्या सुधारित प्रतीत आली होती. कलमाचा फोटो जोडून तक्रार अधिकाऱ्याला एक ईमेल गेला आणि पैसे आले. पुढे जायची वेळ आली नाही. म्हणून ज्या वर्षीचा उपचार त्याच वर्षीची पॉलिसीची प्रत जपा, वेबसाइटवरची नवी नव्हे.

लोकपाल किंवा ग्राहक आयोग यांत निवड करायची तर लोकपाल आधी. आयोगात दोन वर्षांची मुदत असते, पण तारखा लांबतात.

या सगळ्यात औषध थांबवू नका. शक्य असेल तर पैसे भरून सायकल घ्या, मूळ बिलं जपा आणि रिइम्बर्समेंट (भरलेल्या पैशांची परतफेड) मागा. कॅशलेस नाकारणं आणि क्लेम नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

९. विमा नसेल किंवा संपला असेल

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा, प्री-ऑथ रुग्णालयच पाठवतं. इमॅटिनिब, ट्रॅस्टुझुमॅब यांसारखी जुनी औषधं आयुष्मान योजनेच्या पॅकेजांत आहेत, अगदी नवी महागडी सहसा नसतात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये समाजसेवा विभाग ट्रस्टांची मदत जुळवून देतो. तिथेच उपचार असतील तर पहिल्या आठवड्यातच त्यांना गाठा.

खिशातून गेलेल्या पैशांवर जुन्या करप्रणालीत (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी) ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत वजावट मिळते. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते आणि ऑन्कॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली तर मात्र कर्करोगाचं निदान झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य. ऑटो-डेबिट लावा आणि त्या खात्यात त्या महिन्यात पैसे आहेत ना, ते आठवडाभर आधी बघा.